डिक्कीवाल्या गाडीचा पिकअप

स्वीडनमध्ये पंधराव्या वर्षी चालवता येते अशी एक गाडी आहे, ‘आ-ट्रॅक्टर’. ट्रॅक्टर नावापुरताच. प्रत्यक्षात ती जुनी मोटार असते, वेग ताशी ३० किलोमीटरवर अडकवलेली, पाठीवर मंदगती वाहनाचा लाल त्रिकोण लावलेली. खेड्यापाड्यांतली पोरं त्यासाठी हटकून जुनी व्हॉल्व्हो शोधतात. ती दणकट असते आणि चुका पोटात घालते. त्याच देशात, कदाचित त्याच गल्लीत, दुसऱ्या कुणाच्या गॅरेजमध्ये तीच व्हॉल्व्हो नेमक्या उलट कामासाठी जॅकवर चढवलेली असते. बॉनेट उघडं, टर्बो टेबलावर, आणि मालकाच्या डोक्यात एकच विचार: ही चौकोनी, मुलाबाळांची, सामानसुमानाची गाडी स्पोर्ट्‌स कारच्या पुढे कशी काढायची?

या लेखाचा विषय हा दुसरा गडी आहे. जुन्या स्टेशन वॅगनला चालवायला मजा येईल अशी वेगवान गाडी करायची तर कशी, आणि मुळात करावी का, यावर गेली तीसेक वर्षं वाद चालू आहे. त्यात तट पडले आहेत, प्रत्येक तटाचे गुरू आहेत, आणि प्रत्येकाकडे दुसऱ्याच्या फसलेल्या गाडीची एक तरी गोष्ट आहे. सगळ्या वॅगनचा आढावा एका लेखात मावणार नाही. म्हणून मी एकच घराणं घेतलं आहे: व्हॉल्व्होच्या २४०, ७४० आणि ९४० या मालिका. असले प्रयोग युरोप-अमेरिकेत ज्या गाड्यांवर सर्वाधिक झाले त्यांत हे घराणं फार वर आहे, आणि वादातले सगळे मुद्दे त्यात सापडतात.

ओझ्याची गाडी शर्यतीत

‘स्टेशन वॅगन’ या नावातलं स्टेशन आगगाडीचं. स्टेशनावर उतरलेले पाहुणे आणि त्यांच्या ट्रंका हॉटेलापर्यंत नेणारी ती गाडी. इंग्लंडात तिला इस्टेट म्हणतात, जर्मनीत कॉम्बी. कुठेही गेलं तरी काम ओझ्याचंच.

व्हॉल्व्होची २४० मालिका १९७४ साली आली आणि १९९३ पर्यंत निघत राहिली. एकूण २८ लाखांहून अधिक गाड्या बनल्या. वॅगनचं मूळ नाव २४५. पहिला आकडा मालिकेचा, दुसरा सिलिंडरांचा, तिसरा दारांचा. पाचवं दार म्हणजे डिक्कीचं. मागची सीट पाडली की आत माणूस आडवा होऊ शकतो. हवं तर डिक्कीत मागे तोंड करून बसणारी मुलांची सीटही मिळे. अशा गाडीला १९८१ साली कंपनीनेच टर्बो दिला: २.१ लिटरचं इंजिन, १५५ अश्वशक्ती. ते इंजिन वॅगनमध्येही मिळत होतं. पुढे १९८५ ची युरोपियन टूरिंग कार स्पर्धा जियानफ्रांको ब्रांकातेल्ली आणि थॉमस लिंडस्ट्रॉम यांनी २४० टर्बोवर जिंकली, आणि ‘उडती वीट’ हे नाव तिला कायमचं चिकटलं. शर्यतीतली ती गाडी वॅगन नव्हती, दोन दारांची होती, हे या गोष्टीत सहसा गाळलं जातं.

खरी वॅगन शर्यतीत उतरली ती १९९४ मध्ये. टॉम वॉकिन्शॉ यांच्या चमूने ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धेत व्हॉल्व्होच्या ८५० इस्टेट उतरवल्या. चालक होते रिकार्ड रिडेल आणि यान लामर्स. एकही शर्यत जिंकली नाही. पुढच्या वर्षी हवेचा दाब वापरणाऱ्या पंखांना परवानगी मिळाली आणि चमू डिक्की सोडून सेडानकडे वळला. पण लोकांच्या डोळ्यांत ती वॅगन ठसली ती ठसलीच. १९९४ मध्येच ऑडीने पोर्शच्या मदतीने आरएस-२ काढली, २.२ लिटरचं पाच सिलिंडरी टर्बो इंजिन आणि ३१५ अश्वशक्ती. १९९५ मध्ये व्हॉल्व्होची ८५० टी-५आर आली. हॉलिवूडचा नट आणि स्वतः शर्यतपटू असलेला पॉल न्यूमन याने तर आपल्या ९६० वॅगनमध्ये फोर्डचं पाच लिटरचं व्ही-८ इंजिन सुपरचार्जरसकट बसवून घेतलं, आणि दूरचित्रवाणीवरचा मित्र डेव्हिड लेटरमन यालाही तशीच एक घ्यायला लावली.

आरएस-२ चं नाव या वादात सगळेच घेतात, बहुतेक जण अश्वशक्तीसाठी. त्या गाडीचे ब्रेक आणि चाकंही पोर्शकडून आली होती, हे मात्र एकच तट आवर्जून सांगतो. त्याच्याकडे पुढे येऊच.

हाताशी काय असतं

तट समजून घेण्याआधी गाडी पाहायला हवी. या घराण्याच्या चार सिलिंडरी इंजिनाला ‘रेड ब्लॉक’ म्हणतात, कारण ब्लॉक लाल रंगवलेला असतो. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं, कॅमशाफ्ट वर, पट्ट्यावर चालणारा. बहुतेक आठ व्हॉल्व्हच्या आवृत्त्यांत टायमिंग बेल्ट तुटला तरी पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळत नाहीत. गाडी रस्त्यात बंद पडते, इंजिन वाचतं. शिकाऊ हातांना ही केवढी मोठी सवलत आहे, हे ज्याने एकदा वाकलेले व्हॉल्व्ह बदलले आहेत त्यालाच कळेल. २.३ लिटरचं साधं बी-२३०एफ इंजिन ११४ अश्वशक्तीचं. गाडीचं वजन साधारण १,४०० किलोच्या घरात. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, मागे सलग अॅक्सल.

दुखणीही ठरलेली. १९८० ते १९८७ या काळातल्या गाड्यांच्या इंजिन वायरिंगचं आवरण काळाने भुगा होऊन गळतं. अशी गाडी घेतली तर पहिला खर्च वायरिंगचा, मग बाकीची स्वप्नं. हाताचे गिअरबॉक्स हा दुसरा कच्चा दुवा. त्यातला पाच गिअरचा एम-४७ वाढलेल्या ताकदीपुढे टिकत नाही, यावर सगळ्या तटांचं एकमत आहे. एकमताचे मुद्दे मोजकेच, म्हणून हा नोंदवून ठेवतो.

टर्बोवाले

पहिला आणि संख्येने मोठा तट म्हणतो: इंजिन मूळचंच ठेवा, त्याला टर्बो द्या. साध्या २४० वॅगनला ७४० किंवा ९४० टर्बोचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, टर्बो, इंजेक्टर आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) भंगारातून आणून जोडायचे. सगळं एकाच घराण्याचं असल्याने नटबोल्ट जुळतात आणि खर्च आवाक्यात राहतो. ‘ही गाडी कंपनीनेच केली असती तर अशीच केली असती’ असं मालकाला म्हणता येतं. या म्हणण्याला १९८१ चा आधार आहेच.

अडचण आकड्यांत आहे. साध्या बी-२३०एफ चं कॉम्प्रेशन ९.८, तर कंपनीच्या टर्बो आवृत्तीचं ८.७. जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनात दाबून हवा भरली की मिश्रण वेळेआधी पेटतं आणि नॉकिंग सुरू होतं. आवाज येईपर्यंत कधीकधी पिस्टनचं नुकसान होऊनही गेलेलं असतं. म्हणून सावध टर्बोवाले बूस्ट कमी ठेवतात, इंटरकूलर लावतात, चांगलं पेट्रोल वापरतात. कनेक्टिंग रॉडचाही मुद्दा आहे. १९९० नंतरच्या इंजिनांत ते जाड झाले, त्याआधीचे बारीक. जाड रॉडच्या इंजिनावर अडीचशे अश्वशक्तीच्या आसपास निर्धास्त राहता येतं, असा या तटाचा अनुभव. त्याच्या पुढे गेलात की क्लच, गिअरबॉक्स, हेड गॅस्केट असं एकेक बिल येत जातं.

पूर्वी या तटाची सगळ्यात मोठी अडचण इंधनाचं गणित ही होती. बॉशची मूळ यंत्रणा ठरलेल्या इंजिनासाठी जुळवलेली असे. २००१ च्या सुमारास मेगास्क्वर्टसारखे स्वतः जोडायचे ईसीयू आले आणि लॅपटॉप घेऊन बसणाऱ्यांना दार उघडलं. त्यामुळे टर्बो बसवणं सोपं झालं, असं एक बाजू म्हणते. टर्बो बसवून इंजिन जाळणं सोपं झालं, असं दुसरी म्हणते. दोघांकडेही उदाहरणं आहेत.

इंजिन बदलणारे

दुसऱ्या तटाचं म्हणणं सरळ आहे: चाळीस वर्षांच्या इंजिनाला छळण्यापेक्षा ते उतरवा आणि निवांतपणे तीनशे अश्वशक्ती देणारं दुसरं बसवा. अमेरिकेत याचा अर्थ जवळजवळ नेहमी जनरल मोटर्सचं एलएस घराणं. १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये आलेलं एलएस-१ हे ५.७ लिटरचं अॅल्युमिनियमचं व्ही-८; कारखान्यातूनच ३४५ अश्वशक्ती. आकारमानाच्या मानाने ते आटोपशीर आहे आणि वजनही बिडाच्या जुन्या व्ही-८ पेक्षा पुष्कळ कमी. टर्बोसारखी बूस्टची वाट पाहावी लागत नाही. पाय ठेवला की गाडी निघाली. स्वीडनमधले लोक मात्र घरातच पाहतात. ८५० मधलं अॅल्युमिनियमचं पाच सिलिंडरी टर्बो इंजिन आडव्याचं उभं करून बसवतात. त्याचा आवाजही वेगळा. इंजिन बदललं तरी आडनाव बदलत नाही, असा त्यांचा अभिमान.

या तटाची कमजोरी इंजिनात नाही, इंजिनाभोवती आहे. ऑइल सम्प क्रॉसमेंबरवर टेकतो. एक्झॉस्ट स्टिअरिंगच्या दांड्याला भिडतो. प्रोपेलर शाफ्ट मापाने नवा करावा लागतो. रेडिएटर, फ्युएल पंप, माउंटिंग, स्पीडोमीटर, सगळं नव्याने जुळवायचं. प्रत्येक गोष्ट एकेका शनिवारची दिसते आणि एकेक महिना खाते. विकायला निघालेल्या अशा वॅगनची वर्णनं वाचली, तर ‘नव्वद टक्के काम झालं आहे’ हे वाक्य इतक्यांदा भेटतं की उरलेल्या दहा टक्क्यांवर वेगळा आढावा लिहिता येईल.

आधी वळवणारे

तिसरा तट सगळ्यात कमी आवाज करतो. त्यांच्या गाडीचा फोटो काढला तर काही केलंय असं दिसतही नाही. त्यांचं म्हणणं असं, की वॅगन चालवायला कंटाळवाणी वाटते याचं कारण इंजिन नाही. या गाडीच्या स्प्रिंगा पाच माणसं आणि डिक्कीभर सामान गृहीत धरून ठरवलेल्या असतात. रिकामी चालवली की मागचा भाग हलका पडतो, खड्ड्यावर उडतो, आणि वळणावर गाडी आधी झुकते, मग वळते. ७४० आणि ९४० च्या काही वॅगनमध्ये मागे स्वतःची उंची सांभाळणारे शॉक-अॅब्सॉर्बर होते. ओझं घातलं की ते गाडीला पुन्हा वर घेत. ते काढून कडक, खुजे स्प्रिंग घातले की रिकामी गाडी छान वळते. मग घरच्यांनी चार बॅगा भरल्या की मडगार्ड टायरला घासतं.

तेव्हा या तटातच दोन पोटभेद आहेत. एक म्हणतो, वॅगन वॅगन राहिली पाहिजे; स्प्रिंग मधल्या कडकपणाचे घ्या, खरं काम शॉक-अॅब्सॉर्बर आणि अँटीरोल बारवर सोडा. दुसरा म्हणतो, सामान न्यायला दुसरी गाडी ठेवा. दुसऱ्या पोटभेदाला मी अनेकदा विचारलं आहे, की मग वॅगनच कशाला? उत्तर बहुतेक वेळा हसूनच मिळतं.

बाकी कामांची यादी साधी आहे. सगळे जुने रबरी बुश बदलणं, हे पहिलं. तीस वर्षांच्या बुशांमुळे सलग अॅक्सल वळणावर स्वतःच्या मर्जीने सरकतो आणि चालकाला वाटतं स्टिअरिंग ढिलं आहे. मग अॅक्सलला आडवा धरणारा पॅनहार्ड रॉड. गाडी खाली आणली की तो अॅक्सलला एका बाजूला ढकलतो, म्हणून लांबी कमीजास्त करता येणारा लागतो. मग टायर, मग ब्रेक. २४० ला चारही चाकांना डिस्क आहेत आणि ब्रेकचे दोन सर्किट असे विभागलेले, की एक गेलं तरी पुढची दोन्ही आणि मागचं एक चाक थांबतंच. पण ती व्यवस्था ११४ अश्वशक्तीच्या हिशोबातली. घाटात दुप्पट वेगाने उतरायचं तर चांगले पॅड, नवं ब्रेक ऑइल आणि मोठ्या डिस्क यांना पर्याय नाही. आरएस-२ च्या ब्रेकचा दाखला द्यावा तो इथे.

एका पेचाचं उत्तर या तटाकडेही नाही. सेडानमध्ये मागच्या सीटमागे पत्र्याची आडभिंत असते. वॅगनमध्ये तिथे पोकळी आणि तिच्या टोकाला भलं मोठं दार. सांगाडा त्यामुळे पिळला जातो. पिळणारा सांगाडा आणि कडक स्प्रिंग यांचं जमत नाही. पुढच्या स्ट्रटना जोडणारी पट्टी लावून थोडा फरक पडतो. मागे काही घालायचं तर डिक्की अडते.

जपणारे, आणि विजेचे

चौथा तट सांगतो, हात लावू नका. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, फिव्हाने, ट्युरिनची सनद स्वीकारली आहे. जुनं वाहन हा ऐतिहासिक दस्तऐवज आहे आणि त्यावर होणारं काम कमीत कमी व नोंद ठेवून व्हावं, असा तिचा रोख आहे. वीस वर्षांपूर्वी २४० वॅगनला हे लागू करायचं म्हटलं असतं तर लोक हसले असते; सगळीकडे त्याच होत्या. आता गंजून, आपटून आणि आ-ट्रॅक्टर होऊन त्या कमी होत आहेत. टर्बोवाले या तटाशी अर्धी तडजोड करतात: जे उलटवता येईल तेच करा. पत्रा कापायचा नाही.

वीज हा नवा पाहुणा. निसान लीफची मोटर किंवा टेस्लाचा मागचा अॅक्सल घालून जुन्या गाड्या बदलल्या जात आहेत. चौकोनी वॅगनमध्ये जागा भरपूर, शिवाय शून्यापासूनच ताकद. पण बॅटऱ्या जातात डिक्कीत आणि वजन मागे सरकतं, त्यामुळे तिसऱ्या तटाचे सगळे प्रश्न नव्याने उभे राहतात. या वाटेवर बोलण्याजोगा अनुभव अजून थोडा आहे.

कायद्याचं कुंपण

वाद कितीही रंगला तरी शेवटी गाडी नंबर लावून रस्त्यावर यायला हवी. स्वीडनमध्ये स्वतः बांधलेल्या आणि मोठे बदल केलेल्या गाड्या तपासण्यासाठी हौशी बांधणाऱ्यांचीच राष्ट्रीय संघटना आहे, एसएफआरओ; तिच्या तपासनिसाचा कागद घेऊन पुढे अधिकृत तपासणी. व्यवस्था हौसेला मान्यता देते, पण बांधणीचा हिशोब मागते. जर्मनीत प्रत्येक बदल कागदपत्रांत चढवावा लागतो. तीस वर्षांपुढच्या गाडीला ऐतिहासिक ‘एच’ नंबर हवा असेल तर ती मूळ रूपात, किंवा तिच्या काळात होत असत अशाच बदलांसह असावी लागते. कॅलिफोर्नियात १९७६ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना धुराची तपासणी आहे. इंजिन बदलायचं तर ते गाडीच्या वर्षाचं किंवा नंतरचं हवं, आणि त्याची प्रदूषण रोखणारी सगळी उपकरणं सोबत. म्हणजे एलएस घालणाऱ्याला तिथे ‘जुनं इंजिन काढलं, नवं घातलं’ एवढं म्हणून भागत नाही.

आपल्याकडे चित्र वेगळं आहे, दोन कारणांनी. एक तर वॅगन आपण कधी मनापासून स्वीकारलीच नाही. पुण्याच्या टेल्कोने १९९२ साली टाटा इस्टेट काढली. पुढे मारुतीची बलेनो अल्टुरा, ओपेलची कोर्सा स्विंग, टाटाची इंडिगो मरीना, स्कोडाची ऑक्टाविया कॉम्बी अशा येऊन गेल्या. बहुतेकींच्या नशिबी थोडी वर्षं आणि थोडे गिऱ्हाईक. ‘हिला डिक्की वेगळी नाही का?’ हा प्रश्न त्यांच्या मालकांनी पुष्कळ ऐकला असेल. त्यांतली टाटा इस्टेट डिझेलवर चालणारी आणि मागची चाकं फिरवणारी. म्हणजे रचनेने ती या लेखातल्या गाड्यांची लांबची बहीण.

दुसरं कारण कायदा. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीतला तपशील कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल करता येत नाही. दुसऱ्या इंधनावर चालवण्यासाठीच्या मान्य किटसारखे मोजके अपवाद आहेत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा हाच अर्थ पक्का केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आली. आरसी बुकात एक इंजिन आणि बॉनेटखाली दुसरं, हा मार्ग बंद आहे. विजेच्या किटला वाट आहे, पण ती वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या संस्थेच्या मान्यतेतून जाते. आणि २०२१ च्या नियमांप्रमाणे ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद हवी असेल तर गाडी पन्नास वर्षांपुढची आणि मूळ रूपातली पाहिजे. पहिल्या दोन तटांना इथे सार्वजनिक रस्त्यावर जवळजवळ जागा नाही. तिसऱ्याला, बुश-शॉक-ब्रेक-टायरवाल्याला, मूळ मापाचे मान्य भाग वापरून बरीच आहे.

न सुटलेलं

इतक्या वर्षांत काही गोष्टी ठरल्या आहेत. ब्रेक आणि टायर ताकदीच्या आधी, हे आता टर्बोवालेही मान्य करतात, निदान बोलताना. पण बरंच अधांतरी आहे. अश्वशक्तीचे आकडे कुणी चाकांवर मोजतो, कुणी इंजिनाच्या हिशोबाने सांगतो. दोन गाड्यांची तुलना त्यामुळे फसवी ठरते. वॅगनचा सांगाडा नेमका किती पिळतो आणि कोणत्या मजबुतीने किती फरक पडतो, हे हौशी गॅरेजमध्ये मोजलं जात नाही. ‘आता घट्ट वाटतं’ हेच माप. बदललेली गाडी धडकली तर मूळ आराखड्यातली सुरक्षितता किती उरते? ज्या कंपनीने आपलं नाव सुरक्षिततेवर कमावलं तिच्या गाडीबाबत हा प्रश्न जास्तच टोचतो. विमा कंपन्या त्याचं उत्तर आपापल्या परीने, हप्ता वाढवून किंवा नकार देऊन, देतात.

मजा कशाला म्हणायचं यावरही तडजोड नाही. सिग्नलवरून सुटण्यात आहे, की ओल्या वळणावर मागचं टोक हलकेच सुटून पुन्हा सापडण्यात? पहिल्याला व्ही-८ लागतं. दुसऱ्याला मूळचे ११४ घोडेही पुरतात.

‘उलटवता येईल तेच करा’ या तडजोडीची कसोटी गॅरेजच्या कोपऱ्यात लागते. उतरवलेलं लाल इंजिन तिथे ताडपत्रीखाली ठेवलेलं असतं, कधीतरी परत बसवायला. मग कुणीतरी येतो. त्याच्या वॅगनचं इंजिन गेलेलं असतं, हिवाळा तोंडावर असतो, पोरांना शाळेत सोडायचं असतं. अशी इंजिनं क्वचितच कोपऱ्यात टिकतात.